बनी इस्राईल : कुराणातले आणि कोकणातले

बनी इस्राईल म्हणजे इस्राईलची लेकरे. इस्राईल हे याकूब पैगंबरांचे दुसरे नाव. त्यांच्या वंशजांची कथा कुराणात वारंवार येते. सतराव्या सूरहला तर बनी इस्राईल असेही म्हणतात. कुराणात सर्वाधिक उल्लेख असलेले पैगंबर मूसा याच समाजाचे.

कथेचा गाभा गुलामगिरी आहे. फिरऔन त्यांचे मुलगे मारतो, स्त्रियांना जिवंत ठेवतो. मूसा त्यांना समुद्रापार नेतात. दुबळे ठरवलेल्यांनाच पुढारी आणि वारस करायचे, असा अल्लाहचा संकल्प अठ्ठाविसाव्या सूरहमध्ये येतो. बाबासाहेबांनीही 1941 मध्ये मोझेसवर, म्हणजे याच मूसांवर, लेख लिहिला होता.

सुटकेनंतरची वासराची पूजा आणि करारभंग यांवर कुराण कठोर टीका करते. पण ते सगळे सारखे नाहीत, असेही तिसऱ्या सूरहमध्ये (3:113) बजावते. टीकेच्या आयती उचलून आजच्या प्रत्येक ज्यूवर लावणारे नेमके हेच गाळतात.

हे नाव आपल्याला परके नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे ज्यू स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यातही गोरे आणि काळे असा भेद होता; गोरे काळ्यांशी सोयरीक करत नसत. 1948 नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे रब्बींनी त्यांच्याच ज्यूपणावर शंका घेतली, लग्ने अडली. आंदोलन करावे लागले, तेव्हा 1964 मध्ये त्यांना बरोबरीचे ज्यू मानले गेले.