चपातीवर आलेला आळ

1950-60च्या दशकांत पाकिस्तान आणि भारतातून बरीच कुटुंबं स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात आली. पुरुष बसवर ड्रायव्हर-कंडक्टर झाले, कुणी दुकानं टाकली. काही वर्षांतच डॉक्टरांना या घरांतली मुलं वेगळी दिसू लागली. पाय धनुष्यासारखे वाकलेले, चालताना दुखणं. मोठ्या बायकांची हाडं मऊ पडलेली. 1962 साली तिथल्या डॉक्टरांनी याची रीतसर नोंद प्रसिद्ध केली. आजार होता मुडदूस, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता.

ग्लासगोला हा आजार काही नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या धुरानं काळवंडलेल्या गल्ल्यांत गोऱ्या कामगारांची वाकड्या पायांची मुलं सर्रास दिसत. 1890 साली थिओबाल्ड पाम या डॉक्टरनं दाखवून दिलं, की मुडदूस होतो तो ऊन कमी असलेल्या ठिकाणी. पाम स्वतः जपानमध्ये राहून आला होता आणि तिथं त्याला हा आजार क्वचितच दिसला होता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एडवर्ड मेलनबीनं कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. ओटची लापशी खाणाऱ्या पिल्लांना मुडदूस झाला, कॉड लिव्हर ऑइल दिल्यावर तो टळला. म्हणजे तेव्हा संशय स्कॉटिश लोकांच्या लाडक्या लापशीवरही आलाच होता!

पण म्हणून सरकारनं लोकांना ‘लापशी सोडा’ असं सांगितलं का? नाही. दुसऱ्या महायुद्धात मार्गारीनमध्ये ‘ड’ जीवनसत्त्व घालणं सक्तीचं झालं. लहान मुलांना कॉड लिव्हर ऑइल मिळू लागलं. लोकांनी सवयी बदलायची वाट न बघता सरकारनं खाणंच बदललं, आणि मुडदूस जवळजवळ नाहीसा झाला.

नवे लोक आले तेव्हा मात्र बोट त्यांच्या ताटाकडे गेलं. चपातीच्या कोंडायुक्त पिठात फायटेट असतं आणि ते कॅल्शियम अडवतं, हे खरं. शाकाहारी जेवणात ‘ड’ जीवनसत्त्व फारसं नसतं, हेही खरं. या घरांत मार्गारीनऐवजी तूप वापरलं जाई, त्यामुळे सरकारची जुनी युक्ती त्यांच्या ताटापर्यंत पोचतच नव्हती. पण तीच चपाती लाहोरला आणि लुधियान्यालाही रोज खाल्ली जात होती. बदललं होतं ते ऊन. सावळ्या त्वचेला हे जीवनसत्त्व तयार करायला जास्त ऊन लागतं, आणि ग्लासगोच्या हिवाळ्यात ते कुणालाच पुरत नाही.

मग चपातीच्या पिठातच ‘ड’ जीवनसत्त्व घालावं, अशी साधी सूचना पुढे आली. 1980 साली सरकारच्या तज्ज्ञ समितीनं ती फेटाळली. 1981 साली ‘स्टॉप रिकेट्स’ मोहीम सुरू झाली. तिचा भर होता आशियाई कुटुंबांना शिकवण्यावर : काय खावं, उन्हात कसं जावं. गोऱ्यांच्या वेळी दोष खाण्यातल्या उणिवेचा होता. इथं तो खाणाऱ्यांचा ठरला.

उत्तर ग्लासगोतच सापडलं. 1979पासून तिथं आशियाई मुलांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व मोफत वाटायला सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांत मुडदूस होऊन इस्पितळात येणाऱ्या आशियाई मुलांची संख्या झपाट्यानं घटली. त्यासाठी कुणाला चपाती सोडावी लागली नाही. मोठ्या बायकांना मात्र या मोहिमेचा तितका फायदा झाला नाही.

आज दर सप्टेंबरला पुण्या-नागपूरहून कितीतरी मुलं-मुली मास्टर्ससाठी ब्रिटनला जातात. तिथली आरोग्यसेवा आता सगळ्यांनाच सांगते, की थंडीच्या महिन्यांत रोज 10 मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा विचार करा. सावळ्या त्वचेच्या लोकांनी तर वर्षभर. ही गोळी केमिस्टकडे स्वस्तात मिळते. बॅगेत पोळपाट-लाटणं न्यायचं तर खुशाल न्या.