शनिवारच्या मिठाईमागचा इतिहास

गोड खाल्ल्याने दात किडतात, हे आपण सहज बोलून जातो. या ज्ञानाचा इतिहास मात्र क्लेशकारक आहे. स्वीडनमधील लुंड येथील व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४७ ते १९४९ या काळात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना, त्यांच्या संमतीविना, जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफी खाऊ घातली गेली. अनेकांचे दात किडले. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली व दातांना किती चिकटून राहिली, हे निर्णायक ठरते, असा निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाला. मुलांना फक्त शनिवारी मिठाई देण्याची स्वीडिश प्रथा त्यातून रुजली. त्या रुग्णांना सरकारी भाषेत ‘शिकवता न येणारे’ म्हणत. आम्हांला टॉफीहून हा शब्दप्रयोगच अधिक अस्वस्थ करतो. प्रयोगाची वाट आधी त्यानेच मोकळी केली होती.