कृष्णेचे खोरे, हेलियम आणि लोखंड

सातारा-सांगलीच्या मंडळींना लोखंड नवे नाही आणि वीजही नवी नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारून लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिला. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. परंतु लोखंड आणि वीज यांचा एक विलक्षण संबंध २००८ सालापर्यंत फारसा कोणाच्या ध्यानी आला नव्हता. लोखंड असलेले काही पदार्थ पुरेसे थंड केले म्हणजे त्यांतून वीज यत्किंचितही अडथळा न होता वाहते. या गुणाला अतिसंवाहकता म्हणतात. तिच्या इतिहासात आपल्या खोऱ्याचे दोन धागे गुंफलेले आहेत. ते उलगडून दाखवावेत, एवढाच आमचा हेतू आहे.

तारेतून वीज जाते म्हणजे असंख्य इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. धातूचे अणू सदैव थरथरत असतात; त्या थरथरीने व धातूतील मिसळीने इलेक्ट्रॉनांची वाट अडते आणि तार तापते. हाच विजेचा रोध. कोयनेची वीज गावोगाव पोचेपर्यंत तिचा काही हिस्सा अशा रीतीने उष्णता होऊन वाया जातो. धातू थंड करावा तसा रोध घटतो. मग अगदी पराकाष्ठेच्या थंडीत त्याचे काय होईल? हे पाहावयाचे तर तशी थंडी निर्माण करणारा वायू हवा. तो वायू हेलियम होय.

येथे पहिला धागा हाती येतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. आज कर्नाटकात असलेली, त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी असलेली जमखिंडी त्या पट्ट्यात होती. तेथे लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. त्यांना तांबडी, नारिंगी व निळी अशा रेषा दिसल्या. नारिंगी रेषा सोडियमची असावी, असे त्यांना वाटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी ती रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही असे दाखविले. पुढे ती एका अज्ञात मूलद्रव्याची मानली गेली आणि सूर्यावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. १८९५ साली रॅम्से यांना ते पृथ्वीवरही सापडले.

१९०८ साली हॉलंडातील लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांनी हेलियमचा द्रव केला. १९११ मध्ये त्यात थंड केलेल्या पाऱ्याचा रोध उणे २६९ अंशांच्या सुमारास एकाएकी नाहीसा झाला! असे का व्हावे, याचा उलगडा १९५७ साली बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी केला. अणूंच्या थरथरीच्या द्वारे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात आणि त्या अडथळ्यावाचून एका लयीत चालतात. चुंबकत्व या जोड्या फोडते. म्हणून चुंबकी लोखंडाला या पंक्तीत पाट मांडण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते.

१९८६-८७ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडांत बऱ्याच वरच्या उष्णतामानाला अतिसंवाहकता आढळली आणि जगभर धांदल उडाली. सातारा, सांगली व कोल्हापूरच्या महाविद्यालयांचे जे शिवाजी विद्यापीठ, तेथे प्रा. एस. एच. पवार व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या पदार्थांचे पातळ थर विजेच्या साह्याने, मुलामा चढवावा तसे, बसविण्याचे प्रयोग केले. या मंडळींत परशराम शिरगे हे एक होते.

फेब्रुवारी २००८ मध्ये टोकियोच्या होसोनो यांच्या गटाने लॅन्थॅनम, लोखंड, आर्सेनिक व ऑक्सिजन यांच्या संयुगात अतिसंवाहकता जाहीर केली. मूळ संयुगात लोखंडाचे अणुचुंबक एकाआड एक उलट दिशेने मांडलेले असतात आणि रोध शून्यावर येत नाही. थोड्या ऑक्सिजनाच्या जागी फ्लोरिन घातले की जास्तीचे इलेक्ट्रॉन मिळतात, ती मांडणी मोडते आणि उणे २४७ अंशांच्या आसपास रोध नाहीसा होऊ लागतो. लॅन्थॅनमऐवजी सॅमेरियम घेऊन काही महिन्यांतच मजल उणे २१८ अंशांवर गेली.

मग प्रश्न उरला : येथे जोड्या कोण जुळवितो? १९५७ च्या सिद्धांताप्रमाणे अणू जड केला की अतिसंवाहकतेचे उष्णतामान उतरावयास हवे. शिरगे त्या वेळी जपानात त्सुकुबा येथे होते. त्यांनी व सहकाऱ्यांनी बेरियम-पोटॅशियमच्या लोह-आर्सेनिक संयुगात हलके व जड लोखंड घालून मोजमाप केले. जड लोखंडाने उष्णतामान किंचित चढले! हे फळ २००९ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी चीनमधील एका गटाला याच्या नेमके उलट आढळले. लोखंडाच्या चुंबकत्वाची चंचलताच जोड्या जुळवीत असावी, असे अनेक विद्वान मानतात. पण वाद अद्याप मिटलेला नाही.

याने उद्या आपले वीजबिल घटेल, असे आम्ही म्हणणार नाही. द्रव नायट्रोजनाची थंडी स्वस्त, ती उणे १९६ अंशांची. लोखंडाचे हे ढीग स्वरूपातील पदार्थ तिच्याही खालची थंडी मागतात. मात्र प्रबळ चुंबकांसाठी त्यांच्या तारा ओढण्याचे प्रयत्न चालू आहेत.

अशा विद्येवर खर्च कशाला, असे पुष्कळदा विचारले जाते. जमखिंडीत दिसलेल्या रेषेचा उपयोग १८६८ साली कोणालाच सांगता आला नसता. तो कळावयास चाळीस वर्षे लागली. तालुक्याच्या महाविद्यालयात एखादी मुलगी आज तारेचा रोध मोजत असेल, तर तिच्या हातात चांगले उपकरण आहे की नाही, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.