शेवटी बोलणाऱ्याची घाई

पावसाळ्यात नेरळहून माथेरानला येणारी छोटी गाडी बंद असते. अमन लॉजपासूनची शटल तेवढी चालते. बाहेर धुकं आणि चिखल, मग हॉटेलच्या व्हरांड्यात डाव पडतो. हल्ली तीन पत्तीच्या जोडीला पोकरही आलं आहे. पैसे लावले तर १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आडवा येऊ शकतो, तेव्हा पॉटमध्ये चिक्कीचे तुकडे पडलेले बरे. अशा प्रत्येक टोळक्यात एक जाणकार असतो. त्याचा सिद्धान्त ठरलेला: फ्लॉपची, म्हणजे टेबलावरची सामाईक तीन पानं उघडली, आधीचे सगळे ‘चेक’ म्हणाले, म्हणजे पैज न लावता पाळी पुढे दिली, आणि तुम्ही बटनवर, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी बोलणारे असलात, तर पैज लावायचीच. न लावणारा भित्रा.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही मिळण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, म्हणजे समोरचा तीनदा खेळला तर दोनदा कोराच राहतो. पॉटमध्ये १०० असताना ५० लावले, तर तीनदांपैकी एकदा त्याने पानं टाकली तरी तुमची तोंडमिळवणी होते. नामांकित पोकरपटू डॉयल ब्रनसनने १९७०च्या दशकाअखेर आक्रमक खेळाची जी तरफदारी केली, तिलाही अशाच गणिताचं पाठबळ आहे.

पण हे गणित एका प्रतिस्पर्ध्यापुरतं आहे. समोर दोघे असतील, तर दोघेही कोरे असण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास येते. तिघे असतील तर ३०, चौघे असतील तर २०. व्हरांड्यातल्या डावात फ्लॉप बघायला निम्मं टेबल थांबलेलं असतं आणि चिक्कीचा तुकडा वाचवायला तिथे कोणी पानं टाकत नाही. शिवाय ‘चेक’ म्हणणारा कोराच असतो असं नाही. चांगली पानं घेऊन दबा धरून बसलेला तुमच्या पैजेचीच वाट बघतो आणि ती आली की रेझ करतो, म्हणजे ती तिप्पट वाढवतो.

या घाईचं मूळ तीन पत्तीत आहे. तिथे पाळी आली की चाल भरा नाहीतर पॅक व्हा. फुकट थांबायची सोय नाही आणि टेबलावर नवं पानही उघडत नाही. त्या खेळावर वाढलेल्याला ‘चेक’ म्हणजे पाळी वाया घालवणं वाटतं. पोकरमध्ये पहिल्या जागेवरचा चेक मागच्या कोणाच्याही पैजेने मोडतो. शेवटच्या जागेवरचा चेक फेरीच बंद करतो. पुढचं पान फुकट बघायची हमी त्या एकाच खुर्चीला असते.

समजा, हातात बदाम नव्वी-अठ्ठी आहे. फ्लॉपवर बदाम राजा, बदाम चव्वी, इस्पिक दुर्री. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम उरले. चेक केलंत, तर पुढच्याच पानावर फ्लश व्हायची १९ टक्के शक्यता फुकट पदरात पडते. पैज लावलीत आणि मोठा रेझ आला, तर तेच पान इतकं महाग होतं की बहुधा सोडून द्यावं लागतं. दुसरा हात घ्या: राणी-दश्शी, आणि फ्लॉपवर राजा, राणी, पंजी. पैज लावली की पंजीची जोडीवाला पळतो, राजावाला थांबतो. ज्याला हरवलं असतं तो गेला, जो हरवणार तो राहिला. इथे चेक करून पॉट लहान ठेवावा. टर्नवर, म्हणजे पुढच्या पानावर, समोरून माफक पैज आली तर तेवढंच भरून कॉल करावं.

मग पैज कधी? फ्लॉपआधी तुम्ही रेझ केलेलं, समोर एकटा कॉल करणारा, आणि राजा, सत्ती, दुर्री अशी तीन वेगळ्या रंगांची विखुरलेली पानं उघडली, तर जाणकाराचा सल्ला बरोबर. हातात वरची जोडी असेल आणि लहान जोडीवर कॉल करणारे भिडू असतील, तरीही लावावी. पण पळवून लावायला नव्हे, वसुलीला. डेव्हिड स्क्लान्स्कीने ‘द थिअरी ऑफ पोकर’मध्ये फुकटचं पान कधी द्यावं आणि कधी घ्यावं याचा वेगळा विचार केला, तो उगाच नाही.

शेवटच्या जागेचा लाभ एवढाच, की बाकीचे काय बोलले ते ऐकून ठरवता येतं. ऐकण्याआधीच पैज ठरवून बसलेला गडी बटनवर बसूनही पहिल्याच जागेवरून खेळत असतो.