तीन तास वीस मिनिटं : वर्ध्याची नई तालीम, दत्तपूरचं कुष्ठधाम आणि कलेच्या वर्गातला दिव्यांग विद्यार्थी

वर्ध्यात येऊन नई तालीमवर बोलायचं म्हणजे नाशिकला जाऊन द्राक्षं विकण्यासारखं आहे. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरातली माणसं ह्या इतिहासात वावरलेली असतील. तरी आम्ही हे धाडस करतो आहोत, कारण ह्या इतिहासाकडे आम्हाला आज जरा वेगळ्या दारानं जायचंय. प्रश्न असा की ज्या गावानं देशाला ‘हातानं शिका’ असं सांगितलं, त्या गावात ज्याचे हात चालत नाहीत, ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याच्या शिक्षणाचं, आणि त्यातही कलेच्या शिक्षणाचं, काय झालं?

एका वेळापत्रकापासून सुरुवात करू. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबरात तिचा अहवाल आला. त्यात शाळेच्या दिवसाची वाटणी दिलेली आहे. दिवस साडेपाच तासांचा. त्यातले ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताई, सुतारकाम, शेती असा जो मुख्य हस्तोद्योग असेल त्याला. मातृभाषेला ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटं. व्यायाम १० मिनिटं, सुट्टी १० मिनिटं. आणि संगीत, चित्रकला व गणित ह्या तिघांत मिळून ४० मिनिटं!

हसू येतं, पण लगेच नावं ठेवू नका. १९३७ साली सरकारी प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात संगीत आणि चित्रकला सगळ्या मुलांसाठी, खेड्यातल्या मुलांसाठीसुद्धा लिहिणं ही लहान गोष्ट नव्हती. तोवर गाणं म्हणजे एक तर देवळातलं, नाही तर दरबारातलं, आणि चित्रकला म्हणजे मुंबईच्या जे. जे. मधली.

अडचण त्या ३ तास २० मिनिटांत आहे. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षकाचा पगार निघावा अशी ती कल्पना होती. वर्षाला किती सूत निघेल, त्याचे किती पैसे होतील, ह्याचे हिशेब अहवालात मांडलेले आहेत. प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच ह्यावर हरकत घेतली होती की ही मुलांची एक प्रकारे गुलामी होईल. शहांचा मुद्दा सर्वसाधारण मुलांबद्दलचा होता. आम्हाला तो आणखी एका मुलासाठी लागू करावासा वाटतो. ज्याचा हात हळू चालतो, ज्याची तकली दर मिनिटाला पडते, तो ह्या हिशेबात कुठे बसतो? ज्या शाळेचा जमाखर्च मुलाच्या उत्पादनावर चालतो, तिथे असं मूल खर्चाच्या बाजूला जातं. कुणी दुष्ट असतं म्हणून नाही. हिशेबच तसा मांडलेला असतो.

आता दुसऱ्या जागी जाऊ. ती इथून लांब नाही. परिषदेच्या एकच वर्ष आधी, १९३६ मध्ये, मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. विनोबांची प्रेरणा त्यामागे होती. पुढे गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ ह्या पुस्तिकेची आवृत्ती वाढवली, तेव्हा त्यात कुष्ठरोग्यांचा स्वतंत्र विषय घातला आणि मनोहरजींच्या ह्या कामाचा उल्लेखही केला. दत्तपूरलाही शेती होती, कताई होती. पण तिथे कामाचा अर्थ वेगळा होता, आणि आमच्या मते हे नीट समजून घ्यायला हवं. बुनियादी शाळेतल्या मुलानं सूत कातलं तर ते शिक्षण होतं. दत्तपूरच्या माणसानं सूत कातलं तर तो पुरावा होता. आपण भिकारी नाही ह्याचा पुरावा. तेच काम, तोच चरखा. एका जागी त्यातून माणसाची बुद्धी घडावी अशी अपेक्षा, दुसऱ्या जागी इज्जत परत मिळावी एवढीच.

हात बधिर होणं म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुष्ठरोगात मज्जातंतू बाधित होतात. कोपराजवळून जाणारी शीर गेली की करंगळी आणि अनामिका वाकतात, मनगटाजवळची गेली की अंगठा उतरतो. पण बोटं झडतात ती रोगानं नव्हे. चटका बसलेला, खिळा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते आणि बोट जातं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे दाखवून दिलं आणि वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. शस्त्रक्रियेनंतर लोकांना सुतारकाम, खेळणी करणं शिकवलं गेलं, तेव्हा ब्रँड ह्यांच्या लक्षात आलं की हत्यारही बदलायला हवं. मूठ जाड हवी, कड बोथट हवी. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं. डॉ. वर्देकरांनी गावोगाव पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी जी पद्धत बसवली, तीसुद्धा रोग्याला घरातून न उचलता त्याच्याच गावात बरं करण्याची होती. म्हणजे औषधाच्या क्षेत्रात वर्ध्यानं ‘वेगळं काढू नका’ हे फार लवकर ओळखलं. शाळेच्या क्षेत्रात मात्र ते ओळखायला वेळ लागला.

इथे परचुरेशास्त्रींचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दत्तात्रय परचुरे, संस्कृतचे पंडित, कवी, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या बरोबरचे. कुष्ठरोग वाढला तसे ते सेवाग्रामला आले. गांधीजी स्वतः त्यांना मालीश करत. तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल, आश्रमात त्यांची कुटी आजही दाखवतात. फोटोत आपल्याला दिसतात गांधीजींचे हात. आम्हाला त्यात परचुरेशास्त्रींचं पांडित्य दिसत नाही, कारण फोटो काढणाऱ्यानं ते बघितलेलं नाही. शुश्रूषा करणारा मोठा होतो आणि ज्याची शुश्रूषा होते त्याच्या हातून काय होऊ शकलं असतं हे मागे राहतं. दिव्यांगांच्या कलेचा इतिहास लिहिताना हाच घोटाळा पुन्हा पुन्हा होतो.

आता सेवाग्रामातल्या कलेकडे वळू. १९४४ मध्ये शांतिनिकेतनातून शिकून देवीप्रसाद सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत इथे कलाशिक्षक होते. नई तालीम चालवणारे आर्यनायकम आणि आशादेवी हे दोघेही शांतिनिकेतनातूनच आलेले, म्हणजे वर्ध्याच्या कताईत बंगालचा धागा पहिल्यापासून होता. देवीप्रसादांनी चित्रकला आणि मातीकाम शिकवलं आणि पुढे ह्या अनुभवावर पुस्तक लिहिलं : कला हाच शिक्षणाचा पाया. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मुलापुढे नमुना ठेवून त्याची नक्कल करायला लावू नका. मूल जे काढतं ते त्याच्या वयाचं आणि अनुभवाचं असतं. ते मोठ्यांच्या चित्राचं कच्चं रूप नसतं.

ह्या वाक्याचं मोल दिव्यांग मुलासाठी किती आहे ते पाहा. नमुना गेला की मागे पडणंही गेलं. मूलोद्योगात मापं होती, इतके तास, इतके तार. चित्राच्या वर्गात तार मोजत नाहीत. आम्हाला वाटतं की नई तालीममध्ये समावेशक शिक्षणाचं बी जर कुठे होतं, तर ते ३ तास २० मिनिटांत नव्हतं, त्या बिचाऱ्या ४० मिनिटांत होतं.

देवीप्रसाद ज्या कलाभवनात शिकले तिथे बिनोदबिहारी मुखर्जी शिकवत होते. त्यांचा एक डोळा जन्मापासून निकामी, दुसरा फार अधू. नेहमीची शाळा त्यांना जमली नाही, शांतिनिकेतननं त्यांना घेतलं. १९४६-४७ मध्ये त्यांनी हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं प्रचंड भित्तिचित्र केलं. पुढे १९५७ च्या सुमारास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली दृष्टीही गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली, मातीच्या आकृत्या केल्या, आणि १९७२ मध्ये फरशांचं भित्तिचित्र केलं. सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर माहितीपट काढला.

आणि युरोपात काय चाललं होतं? व्हिएन्नात व्हिक्टर लोवेनफेल्ड अंध मुलांकडून मातीची शिल्पं करून घेत होते. त्यांनी एक महत्त्वाचं निरीक्षण नोंदवलं. डोळस मुलांमध्येही काहीजण जग मुख्यतः स्पर्शातून आणि शरीराच्या जाणिवेतून मांडतात. म्हणजे ‘दिसतं म्हणून चित्र काढता येतं’ हे समीकरण डोळसांच्या बाबतीतही पुरतं खरं नाही.

आपल्याकडे मात्र एक समीकरण घट्ट बसलं : अंधाला गाणं, मूकबधिराला चित्र, पायानं अधू असेल त्याला शिवणयंत्र. ह्याची मुळं जुनी आहेत. विष्णु दिगंबर पलुस्करांचंच बघा. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाली, शिक्षण सुटलं, म्हणून त्यांना गाण्याला घातलं. त्यातून १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं राहिलं आणि संगीत गुरूच्या घरातून वर्गात आलं. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीत शिकवत. अधू दृष्टीच्या माणसानं साऱ्या देशाच्या संगीतशिक्षणाची घडी बसवली, ह्याहून मोठं उदाहरण कुठलं? पण त्यातून आपण धडा काय घेतला, तर अंध मुलाला पेटी आणून द्या. त्याला माती द्या, असं कुणी म्हटलं नाही.

आम्हीही ह्यातून सुटलेलो नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही सुट्टीतलं कलाशिबिर घेतलं होतं. एक अंध मुलगी आली. आम्ही मोठ्या कौतुकानं तिला प्रार्थनेला पुढे बसवलं, गा म्हटलं. ती गायली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “काका, मला गाणं आवडतच नाही. ती मुलं काय थापतायत त्याचा आवाज येतोय, तिकडे बसू का?” मातीकाम चालू होतं तिकडे. आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला १९१४ मध्ये बाबा आमटे जन्मले. त्यांचं काम मात्र शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला, आनंदवनात उभं राहिलं. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. आमच्या विषयाशी तिचा संबंध दोन ठिकाणी येतो. एक, आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या पाठोपाठ अंध, मूकबधिर, हातापायानं अधू अशी सगळीच माणसं एका आवारात आली. दुसरं, २००२ मध्ये डॉ. विकास आमटे यांनी ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद सुरू केला. त्यात ही सगळी माणसं एकाच मंचावर असतात. ज्याला ऐकू येत नाही तो नाचतो, ज्याला दिसत नाही तो गातो. महाराष्ट्रभर त्याचे कार्यक्रम झाले, निधी जमला. आम्ही तो पाहिला तेव्हा प्रेक्षक रडत होते. त्या रडण्याबद्दल आमच्या मनात शंका आहे, हे कबूल करतो. गाणाऱ्याचा षड्ज लागला की नाही ह्याकडे कुणाचं लक्ष होतं? कलाकाराला आपली चूक दाखवून घेण्याचाही हक्क असतो. पण दुसरी बाजूही आहे. ज्याच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्याच्या कार्यक्रमाला गाव तिकीट काढून येतं, ही गोष्ट षड्जापेक्षा लहान कशी म्हणणार? ह्या दोन बाजूंचा मेळ आम्हाला अजून घालता आलेला नाही.

कायद्यानं ह्यात काय केलं? १९४४ च्या सार्जंट अहवालातच म्हटलं होतं की अपंग मुलांना शक्यतो इतरांपासून वेगळं काढू नये. कोठारी आयोगानंही तीच दिशा दाखवली. १९९५ च्या कायद्यानं अपंगत्वाचे सात प्रकार धरले, त्यात कुष्ठमुक्त व्यक्तीही होत्या. २०१६ च्या कायद्यानं ते एकवीस केले. त्याच्या २९ व्या कलमाकडे वकीलमंडळींचंही फारसं लक्ष जात नाही. ते संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे. दिव्यांग कलावंतांना साहाय्य, कलावर्गांत सहभाग, इतकंच नव्हे तर कलाविषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना भाग घेता येईल असे नव्यानं आखायचे, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

नव्यानं आखायचे म्हणजे काय, ते आपल्या ओळखीच्या परीक्षेवर लावून पाहा. शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. दहावीला तिचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक धावतात. विषय कोणते? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. सगळं कागदावर, सगळं डोळ्यासाठी. अंध मुलाला जादा वेळ दिला तर तो काय करणार त्या वेळाचं? त्याच स्मरणचित्राऐवजी स्मरणशिल्प ठेवलं, आठवडी बाजार मातीत करून दाखव म्हटलं, तर परीक्षा तीच राहते. आठवण, रचना, प्रमाण, सगळं तपासता येतं. फक्त तपासणाऱ्याला डोळे मिटून हात लावायला शिकावं लागेल. आमची सूचना आहे की वर्ध्यातल्या कलाशिक्षकांनी असा एक नमुनापेपर स्वतः तयार करावा आणि सगळ्या मुलांना द्यावा, डोळस मुलांनाही.

त्याच २९ व्या कलमात दिव्यांगांच्या इतिहासाचं संग्रहालय काढावं असंही म्हटलंय. वर्ध्यात १९३८ मध्ये गांधीजींनी मगन संग्रहालय सुरू केलं, ते ग्रामोद्योगांचं. तिथे चरख्यांच्या किती तऱ्हा आहेत! बधिर हातांसाठी बदललेली हत्यारं, जाड मुठीची, कापड गुंडाळलेली, कोणा अनाम सुतारानं करून दिलेली, अशी जिल्ह्यात कुणाच्या माळ्यावर पडली असतील तर ती भंगारात जाण्याआधी आम्हाला कळवा. व्याख्यानानंतर आम्ही इथेच दाराजवळ थांबणार आहोत.