हर्मान लांगचा हिशोब

रेसिंग ड्रायव्हर म्हटलं की बड्या घरची पोरं डोळ्यासमोर येतात. हर्मान लांग मात्र मर्सिडीझचा साधा मेकॅनिक. १९३५ मध्ये त्याच्या हाती स्टिअरिंग आलं आणि १९३७ ते ३९ त्याने त्रिपोलीची शर्यत सलग तीनदा जिंकली. १९३९ मध्ये तर पाच मोठ्या शर्यती! पण सप्टेंबरात युद्ध पेटलं. त्या वर्षीचं युरोपियन विजेतेपद अधिकृतपणे जाहीरच झालं नाही, लांगची ऐन तिशी वाया गेली.

१९५२ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, फ्रिट्झ रीसच्या जोडीने त्याने ल माँ जिंकली. तीही पुढे असलेल्या लव्हेघची गाडी शेवटी बंद पडली म्हणून.

वाईट वाटतं खरं. पण त्या चंदेरी गाड्यांना नाझी सरकारचाही पैसा होता. ज्यांनी त्याला शर्यती दिल्या, त्यांनीच त्या हिरावल्या. असो.