कोळसा-प्रदूषणाचा स्रोतशोध (चंद्रपूर)

कोळशाची खाण, वाहतूक, ज्वलन व राख यांतून हवेत मिसळलेल्या कणांचा उगम आणि प्रत्येक स्रोताचा वाटा ठरविण्याची पद्धत. महाराष्ट्रात चंद्रपूर हे तिचे ठळक उदाहरण होय.

येथील कोळसा वर्धा खोऱ्यातील (→ गोंडवनी संघ). वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, २,९२० मेवॉ. क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत् केंद्र (→ औष्णिक वीजनिर्मिती), सिमेंट कारखाने व बल्लारपूरची कागद गिरणी एकाच टापूत असल्याने धूर वा धूळ कोणाची, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते.

हवा गाळणकागदातून खेचून त्यावरील कण तपासतात. सूक्ष्मदर्शकाखाली कोळशाची भुकटी काळी, कोनदार दिसते. भट्टीतील उच्च तापमानात वितळून थिजलेली उडती राख (→ फ्लाय ॲश) मात्र काचेच्या गोल मण्यांसारखी. आर्सेनिक व सेलेनियम ही मूलद्रव्ये कोळशाच्या ज्वलनाकडे, तर पोटॅशियम बहुधा लाकूडफाट्याकडे बोट दाखविते. त्यानंतर रासायनिक वस्तुमान-संतुलनाच्या गणिताने वाटे काढतात. घरगुती कोळशाच्या शेगड्यांचा धूर वेगळा काढणे अवघड, कारण इंधन तेच. जमिनीलगत सुटत असल्याने तो वस्तीतच रेंगाळतो.

उगमानुसार उपाय बदलतो : खाणरस्त्यावर पाणी फवारणे, मालमोटारींवर ताडपत्री, धुराड्याआधी स्थिर-विद्युत् अवक्षेपक, शेगडीऐवजी गॅस. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात (२०१९) चंद्रपूरचा समावेश आहे (→ वायुप्रदूषण).